शाळेची पायरी

गावात देऊळ असतं. चावडी असते. पार असतो. तशी एक शाळाही असते. देवळात आपण जातो. पारावर तर रोज बसतो. पण शाळेच्या आत तुम्ही शेवटचे कधी गेला होता, असं मी विचारलं, तर पुष्कळांना डोकं खाजवावं लागेल.

मी अडतीस वर्षं मास्तरकी केली. मॅट्रिक झालो, ट्रेनिंग केलं आणि १९७९ साली एका दोन खोल्यांच्या शाळेत रुजू झालो. शेवटी शेवटी हेडमास्तर होतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी सगळ्या गावांत पाहिली. बाप पोराला घेऊन शाळेपर्यंत येतो. फाटकाशी थांबतो. पोर आत जातं, बाप बाहेरच. काही काम असलं तर लिंबाखाली उभा राहतो, टोपी नीट करतो, आणि मी बाहेर यायची वाट बघतो.

मी म्हणायचा, "दादा, आत या की."

तो म्हणायचा, "नको गुरुजी. पायाला चिखल आहे. आणि आम्ही अडाणी माणसं, आत येऊन काय करणार?"

मंडळी, आता तुम्ही वाचायला शिकलात. हे पान तुमचं तुम्ही वाचता आहात. म्हणून आत येऊन काय करायचं, ते तुम्हांलाच सांगतो.

आधी पोर शाळेत काय शिकतं, ते बघू. लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकतं, हे तर झालंच. पण तेवढंच नाही. सकाळी घंटा होते. पोरं ओळीनं उभी राहतात. प्रार्थना होते, आणि मग रोज एक पोर पुढं येऊन बातमी सांगतं, नाहीतर गोष्ट सांगतं. याला परिपाठ म्हणतात. घरी पाहुणा आला की आईच्या पदराआड लपणारं पोर इथं साठ-सत्तर जणांपुढं उभं राहतं. पहिल्या दिवशी त्याचे पाय लटपटतात. महिन्याभरानं आवाज फुटतो. पुढं हेच पोर तहसील कचेरीत साहेबासमोर न घाबरता बोलेल.

दुपारी जेवणाची सुट्टी होते. शाळेत पोषण आहार देण्याची योजना सरकारनं १९९५ साली सुरू केली. आरंभी पोरांना महिन्याचे तांदूळ घरी मिळत. मग २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला, की पोरांना शिजवलेलं अन्न द्या. पहिली ते पाचवीच्या एका पोरामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, असं माप ठरलेलं आहे. हे माप ध्यानात ठेवा, विचारायला कामाला येतं.

पण मला सांगायचं आहे ते पंगतीचं. आमच्या शाळेत खिचडी शिजायला लागली, तेव्हा दोन-तीन घरांतली पोरं घरून डबा आणून वेगळी बसायची. का, ते सांगायला नको. खेड्यात राहणाऱ्याला कळतं. मी कुणाला बोललो नाही. ताट घेतलं आणि ज्या पोरांपासून ती लांब बसायची, त्या पोरांच्या मधे जाऊन बसलो. रोज बसलो. खिचडीला फोडणी चांगली असायची, वासही सुटायचा. पंधरा दिवसांत एकेक डबा बंद झाला. एक आजोबा मला जाब विचारायला आले. लिंबाखाली उभे राहून बरंच बोलले. पण नातवानं ऐकलं नाही. पोरं एका पंगतीला बसायला शिकली, ती अशी. पुस्तकात हा धडा असतो, पण तो पाठ करून येत नाही.

दुसरी गंमत बाजाराची. वर्षातून एक दिवस आम्ही शाळेच्या मैदानात पोरांचा बाजार भरवायचो. घरून जे मिळेल ते आणायचं. कुणी मेथी, कुणी लिंबं, कुणी आईनं केलेल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या. तराजू खरा, पैसे खरे, आणि गिऱ्हाईक म्हणजे गाव. चौथीत एक मुलगी होती. वर्गात तोंड उघडायची नाही. वजाबाकी फळ्यावर दिली की रडायची. बाजाराच्या दिवशी ती कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली आणि खणखणीत आवाजात ओरडायला लागली. वीस रुपये पुढं करणाऱ्याला तेरा रुपये बरोबर परत देत होती. मी बघतच राहिलो. तिला वजाबाकी येत होती. माझ्या फळ्यावरची तेवढी येत नव्हती. त्या दिवशी तिच्यापेक्षा मीच जास्त शिकलो म्हणा. पण बाजार कधी भरतो? गिऱ्हाईक आलं तर. गाव आत आलं नाही, तर पोरांनी कोथिंबीर कुणाला विकावी?

आता माझी एक चूक सांगतो.

१९८७ सालची गोष्ट. तिसरीतली एक पोर, हुशार. वीसपर्यंत पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर ती शाळेत यायची बंद झाली. आठ दिवसांनी मी घरी गेलो. पोर अंगणात उभी, कडेवर धाकटा भाऊ. आई-बाप दोघं रोजावर जायचे. संध्याकाळी बाप भेटला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. पोर काही आली नाही.

चूक माझी होती. मी उपदेश केला, अडचण विचारली नाही. पुढं एकदा तिची आई विहिरीवर भेटली. तीच म्हणाली, "गुरुजी, भावाला घेऊन आली तर चालंल का?"

चालेल की नाही, हे मला कुठल्या परिपत्रकात सापडलं नसतं. मी म्हटलं, चालेल. दुसऱ्या दिवशी पोर भावासकट हजर. आठवड्यात अशी आणखी तीन लहानगी आली. मग वर्गात जी रडारड सुरू झाली, ती काही विचारू नका. तेव्हा शाळेशेजारची एक म्हातारी आपण होऊन ओसरीवर येऊन बसू लागली. खांबाला झोळी बांधली, लहानग्यांना सांभाळू लागली. तिला ना पगार, ना मानधन. ती पोर सातवी पास झाली. आणि तो भाऊ पहिलीत बसला, तेव्हा त्याला निम्म्या कविता आधीच पाठ होत्या.

मला वाटलं, मी मोठी नवी युक्ती काढली. पुढं वाचनात आलं, की हे काम थोरामोठ्यांनी माझ्या कितीतरी आधी केलं होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा डहाणू तालुक्यातला भाग, आज पालघर जिल्ह्यात येतो. तिथं वारली लोकांची वस्ती. पोरं शाळेत यायची नाहीत. ताराबाईंनी बापांना दोष दिला नाही. पोरं जिथं होती, तिथं त्या शाळा घेऊन गेल्या. पाड्यावर अंगणात शाळा भरवली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेला जोडून पाळणाघर चालवलं. मोठी बहीण वर्गात, धाकटं भावंड पाळणाघरात.

आता कायद्याचं सांगतो. पोराला शाळेत पाठवा, असं सांगणारे कायदे जुने आहेत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण २००९ साली संसदेनं शिक्षणहक्काचा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात एक मोठी गोष्ट आहे. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात शंभरात पंचाहत्तर सभासद पालक हवेत. एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. शाळेचं काम कसं चालतं यावर नजर ठेवणं, शाळेच्या सुधारणेचा आराखडा करणं, सरकारकडून आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणं, ही समितीची कामं. म्हणजे लिंबाखाली उभं राहायचे दिवस कायद्यानं संपले.

कागदावर संपले म्हणा. कारण खरं काय होतं, तेही सांगतो, आणि दुसऱ्याचं नाही, माझंच सांगतो. आमच्याकडंही समिती होती. सभेला कुणी येत नसे. वरून पत्र आलं, की सभेचा अहवाल पाठवा. मी काय केलं? वहीत सभा लिहून काढली आणि शिपायाला सांगितलं, घरोघर जाऊन सह्या घेऊन ये. सह्या झाल्या, अंगठे झाले. एका घरून मात्र वही कोरीच परत आली. त्या बाई प्रौढवर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. संध्याकाळी त्या स्वतः शाळेत आल्या. वही मागितली. बोट ठेवून एकेक अक्षर लावत पान वाचलं. दहा मिनिटं लागली असतील. मी खुर्चीत अवघडून बसलो होतो.

मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, यात लिवलंय काल दुपारी सभा झाली. काल दुपारी तर मी खुरपायला गेले होते. मग सभेला कोण बसलं होतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी ते पान रद्द केलं आणि विचारलं, "ताई, सभा कधी ठेवू?"

"दिवस मावळल्यावर ठेवा. दुपारी कोण येणार?"

परवाच्या दिवशी रात्री सभा ठेवली. वर्गात दिवा लावला. अकरा जण आले, त्यात सात बायका. आधी सगळे गप्प. मग त्याच बाईंनी विचारलं, की मुलींच्या संडासाला कुलूप का असतं? पाचवीच्या पोरी दुपारी घरी येतात, त्या परत जात नाहीत.

मी म्हटलं, घाण होते म्हणून कुलूप लावतो, किल्ली माझ्या टेबलात असते. हे बोलता बोलताच मला कळलं, की दहा-अकरा वर्षांची पोर हेडमास्तरच्या टेबलापाशी येऊन ती किल्ली कशी मागेल?

त्या रात्री ठरलं. पाण्याची टाकी कुणी भरायची, ते ठरलं. किल्ली पाचवीच्या वर्गात, दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याला टांगली.