पट्ट्या नाहीत, आवाज मात्र तोच!

घरच्या घरी चाली बांधणाऱ्या हौशी संगीतकाराला कमी पैशांत खानदानी सिंथचा आवाज हवा असेल, तर सेकंड हँड रॅक मॉड्यूल बघावं. सिंथेसायझरच्या पट्ट्या काढून उरलेली सगळी यंत्रणा लोखंडी डब्यात बसवली की झालं मॉड्यूल! आपला साधा कीबोर्ड किंवा लॅपटॉप मिडीने जोडला की ते वाजू लागतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या या डब्यांमागे एकाहून एक भन्नाट गोष्टी आहेत, आणि खरेदी करताना त्यातली प्रत्येक उपयोगी पडते.

४४.४५ मिलिमीटरची शिस्त

रॅकची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंची ‘यू’मध्ये मोजतात आणि एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. टेलिफोन एक्सचेंजमधल्या यंत्रांसाठी रुळलेलं हे माप संगीताच्या स्टुडिओने तसंच उचललं. म्हणून १९८५चा डबा आजच्या रॅकमध्येही चपखल बसतो. मात्र खोली कुणीच ठरवून दिलेली नाही. ती विकणाऱ्याला विचारा, आणि स्क्रू लावायचे दोन्ही बाजूंचे ‘कान’ जागेवर आहेत ना, तेही बघून घ्या.

दोन प्रतिस्पर्धी, एक केबल

जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात अमेरिकन सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि जपानी रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले आणि एकमेकांशी बोलू लागले. तीच मिडी! तिच्यासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स. एका स्वराचा तीन बाइटचा निरोप जेमतेम एका मिलिसेकंदात पोहोचतो. चाळीस वर्षांचं मॉड्यूल आजच्या लॅपटॉपवरून वाजतं, ते या दोघांच्या दूरदृष्टीमुळे. फक्त यूएसबी-मिडी केबल अगदीच स्वस्तातली घेऊ नका. मोठा डेटा पाठवताना अशा केबली अर्ध्यावर मान टाकतात.

आठ डीएक्स-७ एका चौकटीत

यामाहाचा डीएक्स-७ हा ऐंशीच्या दशकाचा लाडका सिंथ. त्याच कंपनीच्या टीएक्स-८१६ या रॅकमध्ये तर आठ डीएक्स-७ एवढा ऐवज भरलेला होता. प्रसिद्ध सिंथना असं पट्ट्या नसलेलं भावंड बहुतेक वेळा असायचंच. रोलँड डी-५०चं डी-५५०, कॉर्ग एम-१चं एम-१आर, रोलँडच्याच आल्फा जुनोचं एमकेएस-५०. संग्राहकांची झुंबड उडते ती पट्ट्या असलेल्या मॉडेलवर, त्यामुळे रॅकमधलं भावंड सहसा कमी भावात मिळतं. आवडत्या गाण्यातला सिंथ ओळखा आणि त्याचं रॅक भावंड शोधा.

एका यूमधला दमदार बेस

एफएम पद्धत म्हणजे एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून नवा नाद घडवणं. तिचा शोध स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७च्या सुमारास लावला. अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना त्यात काही दिसलं नाही, यामाहाने मात्र ती उचलली. डीएक्स-७मध्ये फक्त साइन लहरी होत्या. त्यानंतर आलेल्या टीएक्स-८१झेड या एक यूच्या डब्यात आठ प्रकारच्या लहरी मिळाल्या. त्यातला ‘लेटली बेस’ हा तयार आवाज नव्वदच्या दशकातल्या नाचगाण्यांत ठिकठिकाणी घुमला. एका आवाजासाठी घ्यावा असा हा डबा आहे!

एक्स-फाइल्सची शिट्टी

‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका १९९३मध्ये सुरू झाली. तिच्या शीर्षकसंगीतातली ती गूढ शिट्टी संगीतकार मार्क स्नो यांना ई-म्यूच्या प्रोटियस-२ या मॉड्यूलमध्ये सापडली. त्या आवाजाचं नाव ‘व्हिसलिंग जो’. प्रोटियस-२ प्रामुख्याने वाद्यवृंदाच्या आवाजांसाठी बनलेलं. तेव्हा मॉड्यूल हाती आलं की पहिल्या दहा आवाजांवर थांबू नका. शेवटपर्यंत जा, खजिना कुठेही दडलेला असतो.

हजार आवाज, बदलायची सोय संगणकावर

ओबरहाइमचं मॅट्रिक्स-१००० नावाला जागतं. एका यूत अॅनालॉग सिंथ, एका वेळी सहा स्वर आणि साठवलेले हजार आवाज. त्यातले ८०० कायमचे कोरलेले, २०० आपण बदलू शकतो. पण ते बदलायची सोय समोरच्या पॅनेलवर नाही, त्यासाठी संगणकावरचा एडिटर लागतो. तुम्हाला स्वतः आवाज घडवायला आवडतं की तयार आवाज वाजवायला, हे आधी ठरवा. घडवायची हौस असेल, तर त्या मॉडेलचा एडिटर आजच्या संगणकावर चालतो का, याची खात्री करूनच पैसे द्या.

६४ भागिले ४

रोलँडचं १९९४चं जेव्ही-१०८० हे कित्येक स्टुडिओंचं कामाचं घोडं. जाहिरातीत ६४ व्हॉइस. पण एका आवाजात चार थरांपर्यंत टोन असू शकतात, आणि चारही थर वाजले की एकाच वेळी फक्त १६ स्वर उरतात. जुन्या मॉड्यूलचा आकडा वाचताना हा भागाकार नेहमी करा. याच डब्यात आवाजांची चार कार्डं बसतात. ‘वर्ल्ड’सारखं एखादं कार्ड आधीच बसवलेलं असेल, तर तोच डबा जास्त मोलाचा. म्हणून आत कोणती कार्डं आहेत, हे डिस्प्लेवर दाखवायला सांगा.

सतार १०५, सनई ११२

१९९१मध्ये जनरल मिडीचा नियम आला. त्याने १२८ वाद्यांची एकच यादी साऱ्या जगासाठी पक्की केली. त्यात १०५ नंबरला सतार आणि ११२ नंबरला सनई! तालवाद्यांसाठी दहावा चॅनेल राखीव, पण त्यांच्या मूळ यादीत तबला नाही. ठेक्यासाठी तबला हवा असेल, तर जगभरातल्या वाद्यांना वाहिलेलं प्रोटियस-३ वर्ल्ड शोधावं.

तानपुऱ्याचा गंधार

जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार कीबोर्डच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये अंतर १०० सेंटचं, म्हणजे हा फरक कानाला चांगलाच कळतो. टीएक्स-८१झेड आणि प्रोटियस-१ या दोन्हींत आपल्याला हवं ते ट्यूनिंग भरता येतं. रागाची चाल सिंथवर वाजवणाऱ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे, तरी जुन्या मॉड्यूलच्या जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच असतो. मॅन्युअल उघडून ट्यूनिंगचं पान आधी वाचा.

तीन व्होल्टचा छोटा सेल

आपण घडवलेले आवाज वीज गेल्यावरही जपून ठेवतो तो बहुतेक मॉड्यूलमध्ये सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही डब्यांत तो सॉकेटमध्ये असतो, काहींत थेट सोल्डर केलेला. सेल संपला की घडवलेले आवाज पुसले जातात. म्हणून घडवलेल्या आवाजांचा ‘सिस-एक्स’ डेटा मिडीवरून आधी संगणकावर उतरवा, मगच सेल बदला. सोल्डर केलेला असेल तर जाणत्या कारागिराकडूनच, आणि त्याच वेळी सॉकेट बसवून घ्या. पुढच्या खेपेला काम दोन मिनिटांचं!

१०० व्होल्टचा धोका

जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. जपानहून मागवलेलं मॉड्यूल इथल्या प्लगला थेट लावलं, तर पहिल्याच क्षणी त्याचा पॉवर सप्लाय जळू शकतो. मागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा फोटोत मागून घ्या. १०० असेल तर २३०वरून १००वर आणणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. ११०चा सहज मिळतो म्हणून तोच लावला, असं करू नका. ट्रान्सफॉर्मरचा खर्च मूळ किमतीत आधीच धरा, म्हणजे ‘स्वस्त’ नेमकं किती स्वस्त ते कळेल.

पैसे देण्याआधी, या क्रमाने

• चालू करून निदान अर्धा तास राहू द्या. काही बिघाड यंत्र तापल्यावरच दिसतात.
• नॉब सावकाश दोन्हीकडे फिरवा. आकडे क्रमाने बदलायला हवेत, उड्या मारायला नकोत.
• प्रत्येक बटण दाबा. दोनदा दाबल्यावर चालणारं बटण आतून गंजलेलं असतं.
• डिस्प्ले अंधारात बघा. जुन्या पडद्यांचा उजेड वापरून मंदावतो. तो बदलता येतो, पण त्याचे पैसे किमतीतून वळते करा.
• प्रत्येक आउटपुट हेडफोन-मिक्सरला लावून वेगळा ऐका. घरघर, खरखर लगेच पकडता येते.
• अॅनालॉग मॉड्यूलमध्ये एकच स्वर परतपरत वाजवा. प्रत्येक वेळी वेगळा व्हॉइस वाजतो, आणि त्यातला एखादा मुका असेल तर तो असाच सापडतो.

आता निवड. फक्त बेस आणि घंटेसारखे लखलखीत आवाज हवेत, तर टीएक्स-८१झेड. एकाच डब्यात पियानो, स्ट्रिंग्ज, ड्रम्स सगळं हवं, तर जेव्ही-१०८०. अॅनालॉगची ऊब हवी, तर मॅट्रिक्स-१००० किंवा एमकेएस-५०. दुर्मीळ म्हणून मिरवायला घेऊ नका, तुमच्या चालीला जो आवाज हवा आहे त्यासाठी घ्या. आणि डबा घरी आला की त्याच संध्याकाळी त्यातले सगळे आवाज संगणकावर उतरवून ठेवा, मग खुशाल हवे ते बदल करा!