ऑनलाइन एम.एड. खरंच करता येतं का? नोकरी करणाऱ्या शिक्षकांनी फी भरण्याआधी वाचावं असं काही

'नोकरी सांभाळून घरबसल्या एम.एड.! हजेरीची अट नाही, रजा टाकायची गरज नाही. जागा मर्यादित.'

गेल्या महिन्यात मावशीने मला हा मेसेज फॉरवर्ड केला. खाली एकच ओळ लिहिली होती, 'बघ गं, खरं आहे का हे?'

मावशी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. शिक्षण बी.ए., बी.एड., नोकरीला १९ वर्षं झालीत. पुढे शिकायची इच्छा कधीची आहे, पण शाळा, घर, आजीचं आजारपण यात राहून गेलं. आता मोबाइलवर सगळं होतंय म्हटल्यावर तिला वाटलं, करून टाकावं.

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी नियम वाचायला बसले. असे मेसेज बऱ्याच शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत असतात, म्हणून जे सापडलं ते इथे सगळ्यांसाठी मांडतेय.

आधी थोडक्यात उत्तर. भारतात एम.एड. ऑनलाइन करता येत नाही. एम.ए. शिक्षणशास्त्र मात्र ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने करता येतं. नावं सारखी वाटतात, पण या दोन वेगळ्या पदव्या आहेत. गडबड होते ती इथेच.

एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यात फरक काय?

एम.एड. ही व्यावसायिक पदवी आहे. बी.एड. झालेल्यांसाठीची. शिक्षकांना घडवणारे प्राध्यापक, शैक्षणिक प्रशासक, अभ्यासक्रम तयार करणारे लोक यातून तयार व्हावेत, असा तिचा हेतू आहे. तिच्यावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं म्हणजे एनसीटीईचं नियंत्रण असतं. कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला या परिषदेची मान्यता लागते.

एम.ए. शिक्षणशास्त्र ही शैक्षणिक पदवी आहे. आपण इतिहासात किंवा अर्थशास्त्रात एम.ए. करतो, तसं शिक्षण या विषयात केलेलं एम.ए. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधन पद्धती, मूल्यमापन असे विषय यात असतात. बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, बी.एड.ची अट नसते.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फक्त एम.ए. शिक्षणशास्त्र करून कोणी प्रशिक्षित शिक्षक होत नाही. खासगी शाळेत बी.एड. न करता शिकवत असाल, तर तुमची पहिली गरज बी.एड. आहे. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी दूरस्थ पद्धतीचं बी.एड. असतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू ही त्यासाठीची ओळखीची नावं.

एम.एड. ऑनलाइन का नाही?

एनसीटीईने २०१४ साली जे नियम केले, त्यात एम.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, प्रत्यक्ष संस्थेत जाऊन करायच्या कामाला ९० टक्के हजेरी, असं त्याचं स्वरूप आहे. वर लघुशोधप्रबंध. हा अभ्यासक्रम घरी बसून पूर्ण होईल असा आखलेलाच नाही. त्यामुळे 'हजेरीची अट नाही' असं कोणी एम.एड.बद्दल सांगत असेल, तर ते नियमात बसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात एक वर्षाचं पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचं अर्धवेळ एम.एड. असा प्रस्ताव होता. पण अर्धवेळ म्हणजे ऑनलाइन नव्हे. शिवाय मसुदा दाखवून कोणी आज प्रवेश देत असेल, तर त्या कॉलेजला त्याच अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे एनसीटीईच्या वेबसाइटवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑनलाइन आणि दूरस्थ, दोन्ही एकच का?

बोलताना आपण दोन्हीला ऑनलाइनच म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०२० च्या नियमांत मात्र या दोन पद्धती वेगळ्या आहेत.

दूरस्थ पद्धतीत पुस्तकं किंवा पीडीएफ मिळतात, अभ्यासकेंद्र असतं, काही संपर्क सत्रं होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन पद्धतीत व्हिडिओ तासिका, वाचन साहित्य, चर्चेचा मंच आणि चाचण्या, असं सगळं पोर्टलवर असतं. परीक्षा मात्र इथेही देखरेखीखालीच होते.

मुक्त विद्यापीठ, इग्नू, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र यांचं एम.ए. शिक्षणशास्त्र शिक्षकांच्या परिचयाचं आहे. इतरही विद्यापीठं आहेत. पण मान्यता कायमची नसते, म्हणून ज्या सत्रात तुम्ही प्रवेश घेताय त्या सत्राची यादी पाहायची.

अशी पदवी 'चालते' का?

स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'दूरस्थची पदवी काय कामाची?'

यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना काढली आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पद्धतीने घेतलेल्या त्याच पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

इथे 'मान्यताप्राप्त' आणि 'त्याच पदवीच्या' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. ऑनलाइन एम.ए. शिक्षणशास्त्र हे नियमित एम.ए. शिक्षणशास्त्राच्या बरोबरीचं होईल. त्यामुळे ते एम.एड. होणार नाही.

मग या पदवीने मिळतं काय?

वेगवेगळ्या शिक्षकांसाठी उत्तर वेगळं आहे, म्हणून एकेक पाहू.

*निवडश्रेणी हवी असेल तर:* महाराष्ट्रात शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीचा टप्पा येतो. निवडश्रेणी सगळ्यांना आपोआप मिळत नाही. सेवेची वर्षं, प्रशिक्षण आणि वाढवलेली शैक्षणिक अर्हता, असं सगळं पाहिलं जातं. तुमच्या संवर्गाला कोणती पदवी ग्राह्य धरतात, हे शाळेच्या कार्यालयातून आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातून आधी विचारून घ्या. जमलं तर लेखी घ्या. 'अमक्याला मिळालं' एवढ्यावर फी भरू नका, अमक्याचा संवर्ग आणि मूळ अर्हता वेगळी असू शकते.

*टीईटी टाळायची असेल तर:* नाही टळणार. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असं त्यात म्हटलंय. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. पदव्युत्तर पदवी टीईटीची जागा घेत नाही. तुम्ही या निकालात येत असाल, तर आधी टीईटीचा अभ्यास करा.

*नेट द्यायची असेल तर:* यूजीसी नेटमध्ये शिक्षणशास्त्र हा विषय आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात. एम.ए. शिक्षणशास्त्र करून या विषयाची नेट देता येते.

*पीएच.डी. करायची असेल तर:* रस्ता खुला होतो, पण पीएच.डी. ऑनलाइन किंवा दूरस्थ होत नाही. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

*बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर:* सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. पदानुसार पात्रता बदलते आणि अनेक पदांसाठी एम.एड.च मागतात. पदाची पात्रता आधी वाचा, मग पदवी निवडा.

*आणि वर्गात अधिक चांगलं शिकवायचं असेल तर:* यासाठीही एम.ए. उपयोगी आहे. पण दोन वर्षं द्यायच्या आधी 'स्वयम' पोर्टलवरचा शिक्षणविषयक एखादा कोर्स करून पाहा. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी लागते. रात्री जेवणानंतर तासभर व्हिडिओ बघून टिपणं काढणं आपल्याला झेपतं का, याचा अंदाज तिथेच येतो.

फी भरण्याआधी काय तपासायचं?

१. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचं, म्हणजे डीईबीचं पोर्टल उघडा. तिथे विद्यापीठाचं नाव, तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव, पद्धत आणि सत्र या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य आहे, असं नाही.

२. २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. 'आयडीचं आम्ही बघतो' असं कोणी म्हणालं, तरी तो स्वतःच्या मोबाइल नंबरवरून स्वतःच काढा.

३. विद्यापीठांना हे अभ्यासक्रम फ्रँचायझीवर चालवायला द्यायची परवानगी नाही. त्यामुळे फी एजंटच्या किंवा क्लासच्या खात्यावर न भरता विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा आणि पावती जपून ठेवा.

४. पूर्वपरवानगी घ्या. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे, जिल्हा परिषद शाळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत अर्ज जातो. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पदवी झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करताना 'परवानगी कुठे आहे?' हा प्रश्न येतो आणि तेव्हा मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही.

५. फीचा पूर्ण आकडा विचारा. प्रवेश, परीक्षा, प्रकल्प, पुनर्परीक्षा, पदवी प्रमाणपत्र, सगळं धरून. जाहिरातीत बहुतेकदा एकाच सत्राचा आकडा असतो.

शाळा सांभाळून अभ्यास बसतो का?

बसतो, पण शाळेचं कॅलेंडर समोर ठेवून ठरवावं लागतं.

यूजीसीच्या नियमांनुसार अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रअखेर परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. म्हणजे स्वाध्याय लिहून दिले की झालं, असं होत नाही. परीक्षेचा अभ्यास करावाच लागतो.

इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनच्या मध्यात शाळा सुरू होते, पाठ्यपुस्तक वाटप, प्रवेश आणि यू-डायसची माहिती हे सगळं तेव्हाच. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि सहली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचं पर्यवेक्षण आणि पेपर तपासणी. मध्येच निवडणुकीची ड्युटी आली, तर तो महिना गेलाच.

मग मोकळा वेळ उरतो कुठे? दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. स्वाध्याय दिवाळीत लिहून टाकायचे, मोठं वाचन मेमध्ये उरकायचं आणि एरवी रोज एक तास. एका सत्रात सगळे पेपर देणं झेपलं नाही, तर काही पुढच्या सत्रात टाकता येतात. बहुतेक ठिकाणी पदवी पूर्ण करायला किमान मुदतीपेक्षा जास्त वर्षं मिळतात. ही कमाल मुदत किती आहे, हे माहितीपत्रकात आधीच पाहून घ्या.

नोकरी करणाऱ्या शिक्षकाचा एक फायदाही आहे. संशोधनासाठी प्रश्न शोधायला त्याला बाहेर जावं लागत नाही. सातवीतल्या मुलांना अपूर्णांक का अडतात, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहणारी मुलं कोणती आणि का, दुसऱ्या बोलीत वाढलेलं मूल प्रमाण मराठीत उत्तर लिहिताना कुठे थांबतं. हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं, फक्त त्याची पद्धतशीर नोंद ठेवायला शिकायचं.

मावशीचं काय झालं?

मी तिला एकच विचारलं, 'तुला ही पदवी कशासाठी हवीय?'

ती जरा थांबली. म्हणाली, 'पाच वर्षांनी निवडश्रेणी येईल, ते आहेच. पण खरं सांगू का? इतकी वर्षं शिकवलं, आता कोणीतरी मला शिकवावं असं वाटतंय.'

दोन्ही कारणं योग्यच आहेत. पण पहिल्यासाठी कार्यालयातून खात्री करून घ्यावी लागेल आणि दुसऱ्यासाठी रोजचा एक तास काढावा लागेल. त्या मेसेजमधल्या नंबरवर तिने फोन लावलाच नाही. आता एम.ए. शिक्षणशास्त्राचं माहितीपत्रक तिच्या पर्समध्ये आहे आणि परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर. फी अजून भरलेली नाही. परवानगीवर सही झाल्यावरच भरेन, म्हणतेय.

तुमच्याही ग्रुपवर 'घरबसल्या एम.एड.' फिरत असेल, तर खाली एवढं विचारा: एम.एड. की एम.ए.? आणि डीईबीच्या यादीत कोणत्या नावाने आहे? उत्तर आलं नाही, तर काय समजायचं ते समजा.