शेत ते ताट (भाग ६) : खाचरातले बुडबुडे

बेणणीला खाचरात उतरलं की पायाखालच्या चिखलातून बुडबुडे वर येतात. लहानपणी आम्ही ते मुद्दाम काढायचो आणि रोपं तुडवली म्हणून आत्याचा ओरडा खायचो. त्या बुडबुड्यांत मिथेन असतो हे फार पुढे कळलं. पाणी तुंबलं की मातीत प्राणवायू उरत नाही. त्याच्याविना जगणारे सूक्ष्मजीव काडीकचरा कुजवून मिथेन सोडतात. दिसतात ते बुडबुडे, पण बराचसा मिथेन भाताच्या पोकळ ताटांतूनच गुपचूप हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेनची ऊब साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी.

जीवनचक्र मूल्यमापनाची वही कशी मांडतात ते मागच्या भागात पाहिलं. बियाण्यापासून उष्ट्यापर्यंत, काय आत गेलं आणि काय बाहेर पडलं. तांदळाची वही उघडली की लोक आधी ट्रक आणि प्लॅस्टिकची पिशवी शोधतात. ती पानं पातळ निघतात, जाड पान बांधाच्या आतलं. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली, तेव्हा बहुतेक अन्नपदार्थांत हेच दिसलं. 'गावचा तांदूळ, म्हणजे निसर्गाला बरा' असं मी आताशा जपून म्हणतो.

आता आपल्याकडची चारसूत्री लागवड घ्या, डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेली. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटूनपालटून ठेवून लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. ही गोळी वहीत छान दिसते. पाण्यावर फेकलेला युरिया निम्माशिम्मा उडून किंवा वाहून जातो. खोल रोवलेला मुळांना मिळतो, म्हणून कमी लागतो. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, थळच्या कारखान्यातसुद्धा. तेव्हा वाचलेलं खत म्हणजे वाचलेला वायू.

पाल्याचं तसं नाही. तो युरिया वाचवतो, जमीन सुधारतो. पण ओला पाला पाण्याखाली गाडणं म्हणजे मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांना जेवणावळच. चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं तर मिथेन बराच कमी निघतो. शेणखत मुरलेलंच घाला, असं जुनी माणसं सांगायची, त्यांची कारणं वेगळी असतील. मी पाल्याच्या विरोधात नाही. फक्त 'सेंद्रिय' म्हटल्यावर वही मिटायची नसते.

पाणी मधूनमधून उतरू दिलं तर मिथेन घटतो. मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यासाठी भोकांची नळी सुचवली आहे : शेतात ती रोवायची, आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा भरायचं. कालव्यावरच्या उन्हाळी भाताला हे जमेल. जुलैतल्या कोकणात पाणी उतरवणार कोण? शिवाय माती सुकती-भिजती राहिली की नायट्रस ऑक्साइड वाढतो, आणि तो तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट.

खरा वाद भागाकाराचा. हळवं भात पाण्यात कमी दिवस उभं राहतं, म्हणून गुंठ्यामागे मिथेन कमी. पण उताराही कमी. किलोने भागलं की गरवं भात पुढे जाऊ शकतं. आकडा कोणी सांगितला की आधी विचारावं : कशामागे?

पुढच्या आठवड्यात ही वही चुलीपाशी नेऊ. घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस जळून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोवर एक करा : नवा सिलिंडर लावलात की कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, आणि भात कुकरला लावता की उघड्या पातेल्यात, तेही.