वरकड खर्चाची न्याय्य वाटणी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका, हा काळी नदीच्या खोऱ्यातील अरण्यप्रदेश. येथे मुबलक असलेल्या कोकमाचे उदाहरण घेऊन, मालाची खरी किंमत कशी काढावी याचा विचार आम्ही व्यापारी बंधूंपुढे मांडीत आहोत.

फळे, साखर व मजुरी कोणत्या मालास लागली हे रोजकीर्दीवरून कळते. परंतु भाडे, वीज, भांड्यांची स्वच्छता व तपासणी हा वरकड खर्च कोणाच्या नावे टाकावा? मजुरीच्या तासांवर तो वाटून टाकणे ही जुनी रीत. ती सोपी आहे. पण फसवीही आहे.

समजा, एका कारखान्यात कोकमाचे आगळ मोठ्या डब्यांत व सरबत लहान बाटल्यांत भरतात. मासिक वरकड खर्च रुपये ६०,०००. आगळास मजुरीचे ८०० तास, सरबतास २०० तास लागतात. जुन्या रीतीने आगळावर ४८,००० व सरबतावर १२,००० पडतात. बाटल्या १,६०० असल्यास प्रत्येकीवर साडेसात रुपये.

आता खर्च कोणत्या कामामुळे होतो ते पाहू. भांडी धुऊन नवा घाणा लावण्यास २४,००० लागतात. असे ४० घाणे निघतात व त्यांतील ३२ सरबताचे असतात. म्हणून सरबतावर १९,२००. तपासणीचे १६,०००, ८० तपासण्यांपैकी ६० सरबताच्या, म्हणून १२,०००. उरलेले भाडे व वीज २०,००० तासांवर वाटल्यास ४,०००. एकूण ३५,२००; म्हणजे बाटलीमागे २२ रुपये! जो मालक बाटलीमागे १० रुपये नफा समजून विक्री वाढवीत होता, तो वस्तुतः साडेचार रुपये तोटा सोशीत होता. आणि आगळावर अकारण २३,२०० रुपयांचा बोजा लादून त्याचा भाव चढा ठेवीत होता.

ही कार्यनिहाय परिव्यय-पद्धती १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट कॅप्लन व रॉबिन कूपर या अध्यापकांनी सुस्पष्ट मांडली. मात्र प्रत्येक बारीक कामाची नोंद ठेवू लागल्यास हिशेबाचाच खर्च वाढेल. लहान पेढीस तीन-चार मुख्य कामे पुरेत.

सरबत बंद करावे असा याचा अर्थ नव्हे. घाणे मोठे घेऊन त्यांची संख्या कमी करावी, अथवा भाव सुधारावा. ज्याचा खर्च त्याच्याच खाती पडावा, एवढीच आमची विनंती. कारण चुकीच्या खतावणीने दुकान भरलेले दिसते, पण गल्ला रिता होतो.