केरामिकोस : अथेन्सच्या वेशीबाहेरची थडगी

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या वायव्येला, एरिडानोस नावाच्या लहानशा ओढ्याच्या काठी, केरामिकोस ही कुंभारांची वस्ती होती आणि त्याच परिसरात शहराची सर्वांत प्रसिद्ध दफनभूमी होती. इराणी आक्रमकांनी शहर उद्ध्वस्त केल्यावर इ.स.पू. ४७९-४७८च्या सुमारास जो तट घाईघाईने उभारला गेला, त्यात जुन्या थडग्यांचे दगडही चिणले गेले, असे इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो, आणि तटातून निघालेल्या कोरीव शिळांनी त्याला दुजोरा दिला आहे. मृतांना सहसा तटाबाहेरच पुरत असल्यामुळे थडगी वेशीबाहेरच्या रस्त्यांच्या दुतर्फा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेत भरतील अशी उभी राहिली.

दिपिलोन या भव्य वेशीतून अकादमीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत युद्धात पडलेल्यांचे दफन राज्याच्या खर्चाने होई. पेरिक्लीसचे विख्यात अंत्यभाषण याच भूमीतले. तिथल्या शिळांवर सैनिकांची नावे गणवार, बहुधा वडिलांच्या नावाशिवाय कोरली जात, त्यामुळे श्रीमंत-गरीब असा भेद उरत नसे.

घराण्यांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. इ.स.पू. ३९४मध्ये कॉरिंथच्या लढाईत मरण पावलेल्या डेक्सिलिओस या वीस वर्षांच्या घोडेस्वारासाठी कुटुंबाने वेगळी ‘स्टेली’, म्हणजे उभी कोरीव स्मारकशिळा, उभारली आणि तिच्यावर मृत्यूबरोबर जन्माचेही वर्ष नोंदवले, जे ग्रीक थडग्यांवर सहसा आढळत नाही. इ.स.पू. ४०४-४०३मध्ये ‘तीस जुलमी’ सत्ताधाऱ्यांना घोडदळाने साथ दिली होती; त्या वेळी आपला मुलगा अजाण होता, हे ठसवण्यासाठीच ते वर्ष कोरले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात आणि हे अनुमान पटण्याजोगे आहे.

पुढे इ.स.पू. ३१७मध्ये सत्तेवर आलेल्या फालेरोनच्या डिमिट्रिओसने खर्चीक स्मारकांना बंदी घालून तीन हातांपेक्षा उंच नसलेला स्तंभ किंवा साधी शिळा एवढ्यालाच मुभा दिली, आणि अथेन्समधील थडग्यांवरील शिल्पकलेची परंपरा जवळजवळ खुंटली.

१९१३पासून येथील उत्खनन जर्मन पुरातत्त्व संस्थेकडे आहे. आज रस्त्याकडेला दिसणारी कित्येक शिल्पे प्रतिकृती आहेत. डेक्सिलिओसची मूळ शिळा आवारातील संग्रहालयात आहे, तर दागिने निरखणाऱ्या हेगेसोची नितांतसुंदर शिळा पाहायची असेल, तर अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातच जावे लागते.