परक्या घरी भरणारी शाळा

जुलै महिना उजाडला की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डोव्हर बंदरात दरवर्षीचे एक दृश्य दिसू लागते. खडूच्या पांढऱ्याशुभ्र कड्यांखाली फ्रान्सहून आलेली बोट धक्क्याला लागते. तिच्या पोटातून मोठमोठ्या बसगाड्या बाहेर पडतात आणि त्यांच्या खिडक्यांशी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे उत्सुक चेहरे दिसतात. कोणी फ्रान्सचे, कोणी बेल्जियमचे, कोणी जर्मनीचे. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने धावू लागली की मुलांत एकच कुजबुज उठते, कारण त्यांच्या देशात वाहने उजवीकडून जातात. मधली खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी ३३ किलोमीटर रुंद आहे; पण ती ओलांडताच रस्त्याची बाजू, पाण्याचा नळ, जेवणाची वेळ, सारेच बदलते.

ही मुले इंग्रजी भाषा शिकण्यास येतात. दोन-तीन आठवड्यांचा हा अभ्यासदौरा असतो. सकाळी वर्ग, दुपारी शहरदर्शन आणि शनिवारी लंडनची सहल, असा त्याचा साधारण क्रम. डोव्हरजवळचे कॅन्टरबरी हे अशा विद्यार्थ्यांचे आवडते नगर. परंतु या दौऱ्यातील खरी शाळा वर्गाच्या चार भिंतींत भरत नाही. ती भरते एका परक्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात.

यजमानाच्या घरी

बहुतेक विद्यार्थ्यांची राहण्याची सोय यजमान कुटुंबांकडे केलेली असते. सकाळची न्याहारी, दुपारसाठी बांधून दिलेला डबा आणि रात्रीचे जेवण यजमानीण देते. एकच मातृभाषा बोलणारी मुले शक्यतो एका घरी ठेवत नाहीत. नाही तर ती आपसात आपल्याच भाषेत बोलत बसतील आणि घरी परततील तेव्हा इंग्रजी होती तेवढीच राहील.

पहिल्याच संध्याकाळी धक्का बसतो. स्पेनच्या मुलाला रात्री नऊ-दहा वाजता जेवण्याची सवय; येथे मात्र सहा-साडेसहालाच मेजावर ताटे मांडली जातात, आणि बाहेर उन्हाळ्याचा सूर्य नऊ वाजेपर्यंत मावळत नाही! न्हाणीघरात जुन्या पद्धतीचे दोन वेगळे नळ असतात, एक गरम पाण्याचा व एक थंड पाण्याचा. हात भाजायचा की गारठवायचा एवढीच निवड मुलाच्या हाती राहते. इटलीच्या मुलीला चहात दूध ओतलेले पाहून नवल वाटते. डब्यात पावाच्या दोन तुकड्यांमध्ये चीज किंवा मांसाची चकती घातलेली असते. ज्या मुलाच्या आईने आजवर त्याला गरम जेवणच वाढले, त्याला हा डबा उघडताना घराची आठवण होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडणारी मुले थोडीथोडकी नसतात.

पण मग हळूहळू डोळे उघडू लागतात. बसमधून उतरताना प्रत्येक जण चालकाचे आभार मानतो, हे मुलांच्या ध्यानात येते. दुकानात चार माणसे असली तरी रांग लागते, आणि ती मोडणे हा जणू अपराधच समजला जातो. आपण चुकून कोणाच्या पायावर पाय दिला तर ज्याच्या पायावर दिला तोच आधी क्षमा मागतो. आणि हवापाण्याची चर्चा तर अखंड चाललेली असते. केट फॉक्स या इंग्रज लेखिकेने २००४ साली आपल्या समाजाच्या चालीरीतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे म्हणणे असे की, इंग्रज मनुष्य हवेविषयी बोलतो तेव्हा त्याला हवेची माहिती नको असते. तो स्वभावाने बुजरा असतो आणि अनोळखी माणसाशी बोलण्यास त्याला काही तरी निमित्त हवे असते. ज्या विद्यार्थ्याला हे उमगले तो ‘आज पाऊस पडेलसे दिसते’ एवढे म्हणून शेजारच्या आजोबांशी मैत्री जोडतो. ज्याला उमगले नाही तो ‘ही माणसे किती थंड!’ असा शेरा मारून परत जातो. दोघांनी पैसे सारखेच खर्चिलेले असतात. शिकून मात्र एकच जातो.

अनेक इंग्रज घरांत शुक्रवारी मासळी व तळलेल्या बटाट्याच्या फोडी खाण्याची रीत आहे. शुक्रवारच्या मांसवर्जनाची ही जुनी कॅथोलिक खूण. घरातून श्रद्धा निघून गेली तरी ती ताटात उरली आहे. इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी २०११ च्या सप्टेंबरपासून आपल्या लोकांसाठी शुक्रवारचे मांसवर्जन पुन्हा लागू केले. इंग्रजांचे हे ‘राष्ट्रीय’ भोजन तरी सगळे त्यांचे कोठे आहे? मासळी अशी तळण्याची पद्धत स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या यहुदी कुटुंबांनी तेथे नेली असे सांगतात. बटाटा अमेरिकेतला आणि चहा आशियातला. जे घर आपण परके मानतो त्याच्या चुलीवर किती देशांचे पाहुणे येऊन बसलेले असतात!

तीर्थक्षेत्राच्या वाटेवर

दुपारी विद्यार्थी हातात प्रश्नपत्रिका घेऊन कॅन्टरबरीच्या गल्ल्यांतून हिंडतात. महामंदिराच्या मनोऱ्यापासून त्यांची सुटका नाही. तो सगळीकडून दिसतो. येथेच २९ डिसेंबर ११७० रोजी राजा दुसरा हेन्री याच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा वध केला. ख्रिस्तसभेचे हक्क राजाच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला होता. तिसऱ्याच वर्षी, ११७३ साली, त्यांना संतपद मिळाले आणि सारे युरोप त्यांच्या समाधीकडे लोटले. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत ती समाधी फोडण्यात आली. आज त्या जागी उघड्या फरशीवर एक मेणबत्ती तेवत असते; दुसरे काही नाही. २९ मे १९८२ रोजी पोप संत जॉन पॉल दुसरे येथे आले आणि अँग्लिकन आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांच्या शेजारी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. गोंगाट करीत आलेली मुले त्या मेणबत्तीपाशी आपोआप गप्प होतात, असे त्यांचे शिक्षक सांगतात.

नगराच्या पूर्वेस संत मार्टिनचे लहानसे मंदिर आहे. इंग्रजी बोलणाऱ्या जगात अखंड वापरात असलेले सर्वांत जुने ख्रिस्तमंदिर म्हणून त्याची ख्याती आहे. केंटचा राजा एथेलबर्ट मूर्तिपूजक होता. पण फ्रँक लोकांतून आलेली त्याची राणी बर्था ख्रिस्ती होती, आणि ती या ठिकाणी प्रार्थनेला येई. ५९७ साली पोप संत ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टिन आपल्या सोबत्यांसह या नगरात आले.

त्यांच्या प्रवासाची एक हकीगत संत बीड यांनी लिहून ठेवली आहे. ती प्रत्येक घाबरलेल्या विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. अर्ध्या वाटेवर या मंडळींचे धैर्य खचले. आपण ज्या रानटी लोकांकडे चाललो त्यांची भाषाही आपणांस येत नाही, या भीतीने त्यांनी ऑगस्टिन यांना माघारी पाठवून ‘आम्हांस या कामातून मोकळे करा’ अशी विनंती केली. पोपमहोदयांनी धीराचे पत्र देऊन त्यांना पुन्हा वाटेला लावले. फ्रँक लोकांतून दुभाषे बरोबर घेऊन ते निघाले आणि समुद्र ओलांडून गेले. परकी भाषा येत नाही म्हणून पाय मागे घेणारे आपण पहिलेच नव्हेत. संतांचेही पाय लटपटले होते.

रविवारची सकाळ

रविवारी यजमानांच्या घरातून कोणी प्रार्थनेला निघेलच असे नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील शेकडा ४६ लोकांनीच आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. निम्म्याहून कमी असे प्रथमच घडले. कॅथोलिक देशांतून आलेल्या मुलाला येथे कसोटी लागते. घरी आई हाक मारून उठवत असे. येथे कोणी उठवणार नाही, आणि न गेल्यास कोणी विचारणारही नाही. जो स्वतः उठून, वाट विचारून, बर्गेट रस्त्यावरील संत थॉमसच्या कॅथोलिक मंदिरात मिस्साला जातो, तो कदाचित आयुष्यात प्रथमच स्वतःच्या पायांनी देवाकडे गेलेला असतो. १८७५ साली उभारलेल्या या मंदिरात बेकेट यांचे पवित्र अवशेष आहेत. इंग्लंडच्या अशा मंदिरांत पोलंडची, केरळची, फिलिपिन्सची माणसे शेजारी शेजारी गुडघे टेकलेली आढळतात.

मात्र यजमान मंदिरात जात नाहीत म्हणून त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परक्याच्या मुलाची ओली छत्री वाळवणारी, त्याचा ताप पाहण्यासाठी रात्री उठणारी ती बाई प्रभूच्या न्यायासनापुढे रिकाम्या हातांनी उभी राहणार नाही. परक्याला घरात घेतले की नाही हा प्रश्न त्या दिवशी विचारला जाईल, असे संत मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे.

इंग्रज जेव्हा विद्यार्थी होता

एक काळ असाही होता की इंग्रज मुलगाच परदेशी विद्यार्थी झाला होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथोलिक धर्मगुरू होण्याचे शिक्षण इंग्लंडात घेणे अशक्य झाले. म्हणून विल्यम ॲलन यांनी १५६८ साली खाडीपलीकडे दुए येथे विद्यालय काढले; रोममध्ये १५७९ साली दुसरे निघाले. तेथे शिकून परतणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांना फाशीची शिक्षा ठरलेली असे, आणि तरी ते परतत.

त्याच पिढीतील एक तरुण मात्र परतला नाही. विल्टशरमधील बुश्टन या खेड्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या बंदरात उतरला. सासष्टीच्या गावकऱ्यांमध्ये राहून त्याने त्यांची भाषा आत्मसात केली. चाळीस वर्षे तो येथे राहिला. कोकणीचे व्याकरण त्याने रचले आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत लिहिले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आपल्या पूर्वजांनी ते ऐकले, गाइले, जतन केले. वर्गात बसून ओवी साधत नाही, वाचकहो! ती ओटीवर बसून, जात्यावरचे शब्द कानांत साठवून साधते. फादर स्टीफन्सना आपल्या लोकांनी घरात जागा दिली असेल, म्हणूनच आपल्याला हे धन मिळाले.

काळाचे चक्र असे की, बुश्टनच्या जवळच असलेल्या स्विंडन शहरात आज गोव्याची अनेक कॅथोलिक कुटुंबे वसली आहेत. ज्या मातीतून तो विद्यार्थी आपल्याकडे आला त्याच मातीत आपली मुले भाकर मिळवीत आहेत.

आपल्या गावांतूनही मुले-मुली आता शिकण्यासाठी दूरदेशी निघतात. त्यांची पेटी भरताना लोणच्याच्या बरणीबरोबर चार गोष्टी त्यांच्या गाठीला बांधून द्याव्यात. यजमानांना देण्यासाठी घरची एखादी लहानशी भेट न्यावी. वाढलेले पान नाक मुरडून दूर सारू नये. हातातील फोन खोलीत ठेवून संध्याकाळी घरातल्या माणसांपाशी बसावे, कारण भाषा तेथेच मिळते. आणि रविवारी मिस्साची वेळ स्वतः विचारून घ्यावी. उद्या एखादा परका मुलगा आपल्या धर्मग्रामात पाहुणा म्हणून आला, तर त्यालाही आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसवावे. कोण जाणे, तो आपली भाषा घेऊन जाईल. आणि जाताना आपल्यासाठी काही तरी ठेवूनही जाईल.