उन्हाची शिदोरी (लेखांक ७) : बॅटरी बसली, की वायर?

नवरात्र सरलं की वडशात दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकाची तारीख घ्यायला झाडीपट्टीतल्या कंपन्यांच्या ऑफिसांत शिरणारी, आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटला दोरीनं बॅटरी करकचून बांधून आणणारी. कुरखेड्याकडच्या एका गावातून आलेले काकाजी दोन्ही कामांना आले होते. नाटकाची तारीख मिळाली होती. बॅटरीचा मात्र निकाल लागला होता.

"बाट्री बसली म्हणते दुकानवाला. नवीन घ्या म्हणते."

"पाणी टाकता का वेळेवर?"

"टाकतो जी. बराबर टाकतो."

धान निसवून उभं होतं. रानडुकरांसाठी ते रोज रात्री शेतावरच्या झोपडीत राहतात. २०२१ साली छत्तीसगडकडून हत्तींचा कळप जिल्ह्यात आल्यापासून तिकडच्या शेतावर अंधारात बसणं कुणालाच नको वाटतं. झोपडीत १०० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, कंट्रोलर, दोन दिवे आणि एक डीसी पंखा. कुंपणाच्या झटका मशीनला वेगळी छोटी बॅटरी आहे, ते बरंच. (झटका मशीन जनावराला दचकवतं. थेट लाइनचा करंट तारेत सोडणारे माणसं मारतात. ही दोन कामं एक नाहीत.) तक्रार एवढीच की रात्री साडेनऊ-दहाला सगळं बंद होतं आणि पहाटेपर्यंत अंधार.

दुकानाच्या पायरीवरच मी मल्टीमीटर लावला. १२.४ व्होल्ट. बॅटरी तासभर मोटारसायकलवर होती, तिच्यावर ना ऊन, ना लोड. अशा शांत बॅटरीचे १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. पाऊण भरलेली बॅटरी बसलेली कशी?

मागचे सहा आठवडे पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यात गेले, आज आकड्यांत शिरू. शिसं-आम्लाच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली आणि दोन-तीन तास निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला पाव राहिलेली, ११.८ म्हणजे संपलीच समजा. पूर्ण आणि रिकामी यांत एका व्होल्टचंही अंतर नाही. म्हणून अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला की निदान पार उलटं होऊ शकतं.

आकडा केव्हा घेतला हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पहाटे सहाला, लोड बंद असताना १२.४ आले तर तब्येत ठीक. रात्री पंखा फिरत असताना आले तर उत्तमच, कारण लोडखाली व्होल्टेज थोडं दबतंच. पण कडक उन्हात दुपारी एक वाजता १२.४ दिसले तर काहीतरी बिघडलंय, तेव्हा साडेतेरा-चौदाच्या आसपास हवेत. तुटलेली वायर, उडालेला फ्यूज किंवा पॅनेलवर मोहाच्या झाडाची सावली यांपैकी काहीतरी शोधा. पॅनेलमधले ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, दोन-तीन सेलांवर सावली पडली तरी पॅनेलचा बराच करंट आटतो. आणि मावळतीनंतर लगेच १३ दिसले म्हणून खूश होऊ नका. ती वरवरची साय आहे, पंखा दहा मिनिटं चालवला की उतरते.

मीटर दोन-तीनशे रुपयांचा चालतो. काटा डीसीच्या २० वर, लाल टोक धनाला, काळं ऋणाला. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर बॅटरीला लावू नका, सरळ शॉर्ट होईल. आणखी एक खोड माझ्या अंगाशी आली आहे. मीटरच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हे स्वस्त मीटर खरं त्याहून जास्त आकडा दाखवतात. एका पावसाळ्यात मी पंधरा दिवस माझ्याच घरची अर्धमेली बॅटरी ठणठणीत समजत होतो.

काकाजींना म्हटलं, बॅटरी परत न्या, जशी होती तशीच जोडा, संध्याकाळी येतो.

शेतावर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. दिवे आणि पंखा चालू, मिळून अडीच अँपिअर. बॅटरी झोपडीबाहेरच्या पडवीत, कारण तिचा वास येतो. ते बरोबरच आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो, म्हणून बंद खोलीत बॅटरी ठेवू नये आणि तिच्यावर वाकून बिडी तर मुळीच ओढू नये. कंट्रोलर मात्र आत, पलीकडच्या बल्लीवर. मधल्या चार मीटरांत दारावरच्या घंटीला वापरतात तसली बारीक वायर, मध्यावर पीळ देऊन टेप गुंडाळलेली. धन टोकावर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली.

बॅटरीच्या टोकांवर मोजलं, १२.४. आत जाऊन कंट्रोलरच्या बॅटरीच्या स्क्रूंवर मोजलं, ११.२.

एकाच वेळी एकाच बॅटरीचे दोन आकडे. मधले १.२ व्होल्ट ती वायर, तो पीळ आणि ती बुरशी खात होती. कंट्रोलर स्वतःच्या स्क्रूंवर जे दिसतं तेच खरं मानतो, बाहेर पडवीत काय आहे ते त्याला कळत नाही. हा कंट्रोलर ११.१ ला लोड तोडतो, म्हणजे बॅटरी पार उतरून खराब होऊ नये. नऊ वाजून गेल्यावर आमच्या डोळ्यांदेखत टक्‌ झालं आणि अंधार पडला. टॉर्चच्या उजेडात पडवीतल्या बॅटरीवर मीटर लावला तर पुन्हा १२.४! लोड सुटताच ती जराशी सावरली होती. पण एकदा तोडलेला लोड कंट्रोलर १२.६ दिसल्याशिवाय जोडत नाही, आणि ते दिसणार सकाळी ऊन आल्यावर. म्हणून रात्रभर काळोख आणि शेजारी पाऊण भरलेली बॅटरी.

चार्जिंगच्या वेळी हीच वायर उलट्या बाजूनं घात करते. दिवसा चार-पाच अँपिअर आत जाताना तिच्यावर दोन व्होल्टांच्या आसपास पडतात. कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीपर्यंत जेमतेम साडेबारा पोचलेले असतात. तो समजतो की पोट भरलं, आणि हात आखडता घेतो. काकाजींना मी विचारलं, "हिरवा दिवा केव्हा लागते?" ते म्हणाले, "नऊ वाजताच लागते जी, लवकर भरते बाट्री." चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी पाच अँपिअरनं नऊ वाजता भरत नसते. सकाळी लवकर भरणारी आणि रात्री लवकर संपणारी बॅटरी हा आजार ऐकला की आधी वायरीकडे बघा.

इथे एक फसगत आहे, ती दुकानदाराच्या बाजूनं सांगतो. खरोखर म्हातारी झालेली बॅटरीही अगदी अशीच वागते. आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट खड्यासारखं घट्ट बसतं आणि करंट धरायला जागा उरत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ऊन दिसत नाही आणि पंखा बंद होत नाही, त्यामुळे सप्टेंबरात या तक्रारी फार येतात. फरक एका मोजणीत कळतो. लोड चालू असताना बॅटरीच्या थेट टोकांवर मीटर धरा. तिथेच आकडा भराभर कोसळला तर दोष बॅटरीचा, तिथे टिकला आणि कंट्रोलरवर पडला तर वायरीचा. ही मोजणी न करता नवीन बॅटरी घ्यायला लावणं मला पटत नाही. तीच वायर नव्या बॅटरीलाही जोडली जाते आणि चार दिवसांत माणूस पुन्हा पायरीवर.

दिवसभर उन्हात राहूनही निवांत बॅटरी १०.५ च्या आसपासच अडली तर एक घर मेलंय, पाच गुणिले २.१. तसं घर चार्जिंगला इतरांपेक्षा जास्त तापतं. खात्रीसाठी हायड्रोमीटर. दुकानात ज्याला ग्रॅव्हिटी म्हणतात ती भरलेल्या ट्यूब्युलरची १२४० च्या जवळपास असते. घराघरांत पन्नासहून जास्त फरक दिसला तर ते घर संशयित. ग्रॅव्हिटी पाणी टाकण्याआधी मोजा. आणि टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, आटतं पाणी, अ‍ॅसिड नाही. वरून अ‍ॅसिड ओतून बॅटरी 'तेज' करणारे महाभाग अजून भेटतात.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. वैनगंगेपलीकडची ब्रह्मपुरी मे महिन्यात विदर्भातल्या सर्वात तापलेल्या गावांच्या यादीत असते आणि अलीकडे आपण काही थंड नसतो. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज पुरतं. २५ अंशाला १४.४ योग्य असतील तर ४० अंशाला साधारण १४.० पुरे. हे न जाणणारा कंट्रोलर पाणी उकळवत राहतो, म्हणून मे महिन्यात दर पंधरवड्याला घरं उघडून बघावीत. डिसेंबरातल्या थंडीत उलट, थोडं जास्त लागतं. ताप मोजणारा कंट्रोलर असला तरी तो स्वतःजवळचा ताप मोजतो, पत्र्याखालच्या बॅटरीचा नव्हे.

लिथियमला यातलं फारसं लागू नाही. लोह-फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ भरलेली असो की तिसरा हिस्सा उरलेली, १३.२ च्या आसपासच रेंगाळते, आणि एकदम शून्य दिसलं तर बहुधा आतल्या संरक्षक सर्किटनं दार लावून घेतलेलं असतं.

सौभाग्य योजना २०१७ साली आली. तारा न पोचणाऱ्या दुर्गम घरांसाठी तिच्यात २०० ते ३०० वॅटचे संच होते, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. सुरुवातीच्या संचांची ती पाच वर्षं केव्हाच उलटली. अशा प्रत्येक गावात एक मीटर आणि तो धरता येणारा एक माणूस असता तर कितीतरी बॅटऱ्या भंगारात जायच्या वाचल्या असत्या, असं माझं मत आहे.

काकाजींचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. आधी कंट्रोलरकडे येणारी पॅनेलची वायर सोडली, मग बॅटरीची, कारण बॅटरी सुटलेली असताना पॅनेल जोडलेलं राहिलं तर कंट्रोलर जळू शकतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून बुरशी धुतली, घरांची झाकणं घट्ट लावून, सोडा आत जाऊ न देता. टोकं पॉलिश पेपरनं घासली, नवीन लग कसले, वर व्हॅसलिन चोपडलं. कंट्रोलर दाराजवळच्या खांबावर आणला आणि बॅटरीपर्यंत दीड मीटर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, मधे फ्यूज. संध्याकाळी लोड चालू करून दोन्हीकडे मोजलं तर फरक दहा शतांशाच्या आत.

चार दिवसांनी फोन आला. "पंखा रातभर फिरते जी. आता मी उठून बंद करतो, थंडी वाजते." हिरवा दिवा आता एक-दीडला लागतो म्हणाले, त्याची त्यांना थोडी काळजीच वाटत होती. तिसऱ्या घराची ग्रॅव्हिटी अजून १२०० वरच आहे, बाकीची १२३० ला. मंडईच्या नाटकाला जाईन तेव्हा पुन्हा बघतो.